पाण्याची वही: हिवरे बाजारने उपशाला लगाम कसा घातला

नगर तालुक्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात ऑक्टोबर महिना मोठा फसवा. परतीचा पाऊस होऊन गेलेला असतो, ओढा वाहत असतो आणि विहिरीत वाकून पाहिले तर पाणी हाताला लागेल असे वाटते. रब्बीत काय करायचे हे शेतकरी नेमके याच दिवसांत ठरवतो. समोर पाणी दिसत असते, म्हणून गव्हाचे रान वाढते, कांद्याची रोपे टाकली जातात, कोणी उसाचे बेणे आणतो. फेब्रुवारीत मोटर हवा ओढू लागते. मार्चमध्ये बोअरची गाडी गावात शिरते आणि एप्रिलमध्ये तिच्यामागून टँकर येतो.

हिवरे बाजारने हे चक्र ऑक्टोबरमध्येच अडवले. पावसाळा सरला की यंदा पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती आहे, पिण्यासाठी किती राखायचे, जनावरांना किती लागेल आणि उरलेल्या पाण्यात रब्बीचे कोणते पीक किती क्षेत्रावर बसते, हा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. मग पिके ठरतात. पाऊस कमी झाला असेल तर गहू कमी करून ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचे, उन्हाळी पीक घ्यायचेच नाही, असा निर्णय गाव घेते आणि पाळते. याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने गाव तो २००४ च्या सुमारापासून मांडत आले आहे.

हिवरे बाजारची गोष्ट मराठी माणसाला माहीत आहे. पण ती सांगताना आपण बहुतेक वेळा डोंगरावरचे चर, बांध, झाडे आणि हिरवीगार चित्रे एवढ्यावरच थांबतो. गावोगावच्या सहलीही चर पाहून परततात. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा भाग चरांचा नाही, तो वहीचा आहे. पाणी मुरवण्याचे काम पुष्कळ गावांनी केले. मुरलेल्या पाण्याला हात लावण्याआधी ते मोजणारी आणि मोजून झाल्यावर स्वतःला नकार देणारी गावे फार थोडी आहेत.

गाव आणि त्याचा खडक

हिवरे बाजार हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातल्या नगर तालुक्यातले गाव. क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर, लोकसंख्या सव्वा हजाराच्या आसपास. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या घरात, आणि तोही मोजक्या दिवसांत धो धो पडून जाणारा. गावाला डोंगरांचा वेढा आहे, म्हणजे गावात पडलेला बराचसा पाऊस गावाच्याच ओढ्यांतून वाहतो. ही ठेवण पुढे फार कामी आली.

१९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगरावरची झाडे सरपणासाठी गेली, माती वाहून गेली आणि विहिरी दिवाळीनंतर आटू लागल्या. लोक मजुरीसाठी मुंबई-पुण्याची वाट धरू लागले. गावात दारूच्या भट्ट्या वाढल्या. १९८९ च्या सुमारास एम.कॉम. झालेले पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पुढे २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण या टप्प्यावर त्यांच्या हातात होते ते एक मोडके गाव आणि मुळातच कंजूष असलेला खडक.

खडकाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो समजला नाही तर पुढचे नियम हट्टासारखे वाटतील. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टने व्यापलेला आहे. लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. या पट्ट्यातल्या एखाद्या उघड्या विहिरीच्या काठावर उभे राहून कडेने नजर खाली नेली की हे थर वाचता येतात. वर हातभर-दोन हात माती. तिच्याखाली पिवळसर मुरूम, पहारीने ढासळणारा. मग मांजऱ्या खडक, ज्याच्या पोकळ्यांत पांढरे खडे भरलेले दिसतात. कुठे तांबड्या मातीचा वीतभर पट्टा. आणि त्याच्याखाली काळा पाषाण, ज्याला सुरुंगाशिवाय हात लावता येत नाही. भिंतीला ओल दिसते ती मुरमात, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात. पाषाण कोरडाच असतो, फक्त त्याच्या भेगांतून कुठेतरी बोटाएवढा झरा येतो. विहीर खोदणारे लोक ‘झरा फुटला’ म्हणतात तो हाच.

म्हणजे या भूमीत पाण्याचे तळे नाही. पाणी आहे ते मुरमाच्या कणांत आणि खडकाच्या चिरांत. भूजलतज्ज्ञ हिशेबासाठी अशा खडकाची साठवण साधारण दोन टक्के धरतात. एक घनमीटर ओला खडक पूर्ण निथळू दिला तर त्यातून वीसेक लिटर पाणी मिळते. गंगेच्या खोऱ्यातल्या वाळूत हाच आकडा कितीतरी पट मोठा असतो. म्हणून तिकडच्या उपशाची सवय इकडे चालत नाही.

आधी काय केले

सुरुवातीची कामे सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. शाळा आणि वनविभागाशी बिघडलेले संबंध दुरुस्त झाले. रोजगार हमीतून डोंगरावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत जाणारे खड्डे, खणले गेले आणि झाडे लावली गेली. १९९४-९५ च्या सुमारास गाव राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. या योजनेची पंचसूत्री म्हणजे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान. माथ्यावर चर, उतारावर बांधबंदिस्ती, ओढ्यात नालाबांध आणि पायथ्याला पाझर तलाव अशी ‘माथा ते पायथा’ कामे झाली.

चराईबंदीचा उल्लेख लोक ओझरता करतात, पण पाण्याच्या हिशेबात तिचे वजन फार मोठे आहे. उघड्या डोंगरावर पडलेला थेंब मातीला ठोकतो, पृष्ठभाग घट्ट करतो आणि वाहून जातो. त्याच डोंगरावर गुडघाभर गवत असेल तर पाणी रेंगाळते, आणि रेंगाळलेले पाणी मुरते. जनावरे सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायला मुभा, असे ठरले. गावात २००० साली सुमारे १०० टन गवत निघत होते, ते २००४ पर्यंत ६,००० टनांवर गेले. दुधाचा धंदा याच गवतावर उभा राहिला. नव्वदच्या दशकाच्या मध्याला दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूध पुढे चार हजार लिटरपर्यंत पोहोचले. दुभत्या जनावराचा चारा डोंगराने पावसाच्या पाण्यावर वाढवला, विहिरीतून फारसे काही न मागता. कोरड्या मुलखात पाण्यावरचा भार हलका करण्याची ही फार शहाणी वाट आहे, आणि तिचे श्रेय त्या साध्या डोंगरी गवताला आहे.

तीन नकार

पाणी वाढले की खरी परीक्षा सुरू होते. विहिरीला दोन परस पाणी जास्त दिसले की प्रत्येकाच्या मनात बागायतीचा विचार येतो, आणि त्यात गैर काही नाही. ज्याने जन्मभर बाजरी-मटकीवर काढली त्याला चार पैसे देणारे पीक हवेच असते. हिवरे बाजारने नेमक्या याच वेळी ग्रामसभेत तीन गोष्टींना नकार दिला. शेतीसाठी बोअर मारायचे नाही. ऊस आणि केळीसारखी पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत. गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही.

तिसरा नकार वरवर पाण्याशी नाते नसलेला दिसतो. पण विचार करा. जमीन बाहेरच्याने घेतली की तो ग्रामसभेला बसत नाही, गावच्या शब्दाला बांधील राहत नाही, आणि पैसा असल्याने पाचशे फुटांचे बोअर मारणे त्याला जड नसते. पाण्याचा करार टिकायचा तर करार करणारी माणसे तीच राहिली पाहिजेत.

बोअरबंदीमागचे कारण खडकातच आहे. उघड्या विहिरीला स्वतःचाच लगाम असतो. ती वरच्या मुरूम-मांजऱ्याच्या थरातून पाणी घेते. दिवसभर मोटर चालली की तळ दिसतो, मग रात्रभर झरे भरू द्यावे लागतात. पाणी कमी झाले की ते रोज डोळ्यांना दिसते, पायऱ्या मोजता येतात. शेजाऱ्याच्या विहिरीचेही दिसते. बोअरमध्ये काहीच दिसत नाही. सहा-साडेसहा इंचांचे एक भोक, त्यात खोल सोडलेली मोटर, आणि पाणी येते तोवर येते. दुसरे असे की खोल बोअर वरच्या आणि खालच्या थरांना उभा छेद देते. मधल्या पाषाणाने अडवून धरलेले वरचे पाणी त्या छेदातून खाली उतरू शकते, आणि बोअरच्या आसपासच्या जुन्या विहिरी कोरड्या पडतात. मग ज्यांच्या विहिरी गेल्या तेही बोअर मारतात. पहिले दोनशे फुटांचे, पुढचे चारशेचे. जमिनीखालचे पाणी सांगणारा पाणाड्या येतो, नारळ फिरवतो, एका बोअरला धूळ निघते आणि कर्ज मात्र राहते. दुष्काळी भागातल्या कर्जाच्या वहीत फसलेल्या बोअरचा आकडा किती मोठा असतो, हे त्या घरांनाच ठाऊक. हिवरे बाजारात बोअर राहिले ते पिण्याच्या पाण्यासाठी.

याचा परिणाम मोजता येतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत गावात नव्वदच्या आसपास विहिरी होत्या आणि पाणी ८० ते १२५ फुटांवर होते. पुढे विहिरींची संख्या २९४ वर गेली, तरी पाणी १५ ते ४० फुटांवर आले. विहिरी तिपटीने वाढूनही पातळी वर येते, हे चरांनी एकट्याने घडवलेले नाही.

ताळेबंदाची गणिते

आता वहीकडे येऊ. पुढचे आकडे ग्रामपंचायतीचे नाहीत. गावाचे क्षेत्र आणि बेसाल्टसाठी सर्वसाधारणपणे धरले जाणारे प्रमाण घेऊन मी ते मांडले आहेत. असे गणित कोणत्याही गावाला आपल्या आकड्यांवर करता येईल, म्हणून पायऱ्या उघड्या ठेवतो.

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. ९७६ हेक्टरवर ४०० मिलिमीटर पडला तर ३९० कोटी लिटर. आकडा ऐकून छाती फुगते. पण यातले बहुतेक पाणी हवेत परत जाते, खरिपाचे पीक आणि गवत पिते, काही ओढ्याने निघून जाते. बेसाल्टमध्ये भूगर्भापर्यंत पोहोचणारा वाटा दहा टक्क्यांच्या आगेमागे धरतात, चांगल्या पाणलोट कामाने तो वाढतो. दहा टक्के धरले तर ३९ कोटी लिटर. खडकाची साठवण दोन टक्के असल्याने एवढ्या पाण्याने गावाची भूजल पातळी सरासरी दोन मीटर चढते. चारशे मिलिमीटर पाऊस, अख्ख्या गावाचे क्षेत्र, आणि वाढ दोन मीटरची. खडक कंजूष आहे म्हणालो तो असा.

आता खर्च. सव्वा हजार माणसांना दिवसाला माणशी ५५ लिटर दिले तर वर्षाला अडीच कोटी लिटर लागतात. जनावरांचे वेगळे. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही हे आधी ठरले की उरलेल्यात शेती.

शेतकऱ्याच्या भाषेत पाण्याचे माप म्हणजे पाळी. एका पाळीला साधारण सहा सेंटिमीटर पाणी दिले तर हेक्टरी सहा लाख लिटर. हरभरा दोन पाण्यांवर येतो, म्हणजे बारा लाख. गव्हाला पाच-सहा पाणी, म्हणजे तीस ते छत्तीस लाख. उसाला पाटपाण्याने हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर जातात.

अडीच कोटी हा आकडा दोनदा आला, ते लक्षात घ्या. पाटाने भिजवलेला एक हेक्टर ऊस जवळपास तेवढे पाणी घेतो, जेवढे सबंध गाव वर्षभर पिते. त्याच पाण्यात अठरा ते वीस हेक्टर हरभरा निघतो. आणि आठ-नऊ हेक्टर उसाला लागणाऱ्या पाण्याने अख्ख्या गावाची पातळी सुमारे एक मीटरने खाली जाऊ शकते. रानात दिलेल्या पाण्यातले काही परत मुरते, त्यामुळे प्रत्यक्षात घट थोडी कमी भरेल. तरीही दोन मीटरच्या कमाईतला एवढा मोठा वाटा आठ-नऊ हेक्टर, म्हणजे दोन-चार शेतकऱ्यांची उसाची रानेच खाऊन टाकतील. हे एकदा फळ्यावर खडूने लिहून दाखवले की उसाला नकार का, याचे भाषण करावे लागत नाही.

ताळेबंदासाठी लागणारी हत्यारे फार साधी आहेत. पर्जन्यमापक, निरीक्षणासाठी निवडलेल्या काही विहिरी, मोजण्याचा टेप आणि वही. भूजल यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा वर्षातून चार वेळा मोजते. मे आणि ऑक्टोबर हे त्यातले कळीचे महिने. मे महिन्यात तळ कळतो, ऑक्टोबरमध्ये कमाई. दोन्हींतला फरक म्हणजे पावसाने गावाला दिलेली ठेव. मोजताना टेप काठावरच्या एकाच ठरलेल्या खुणेपासून सोडायचा, टेपचे टोक पाण्याला टेकले की आकडा वाचायचा, आणि मोजण्याआधी काही तास मोटर बंद ठेवायची, नाहीतर उपशाने उतरलेली पातळी खरी समजून नोंद होते. शाळेतल्या मुलांनाही हे काम सहज जमते. एकदा मुलाने घरी येऊन ‘आपली विहीर गेल्या वर्षीपेक्षा चार फुटांनी खाली आहे’ असे सांगितले की बापाला ते अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा जास्त लागते.

काय साधले

१९९५ मध्ये गावातल्या १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. २०१० पर्यंत ती संख्या तीनवर आली. दरडोई मासिक उत्पन्न १९९५ मध्ये ८३० रुपये होते, ते २०१२ पर्यंत ३० हजारांवर गेल्याचे सांगितले जाते. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. कांदा, बटाटा, भाजीपाला, फुले आणि दूध यांवर घरे चालू लागली.

पण माझ्या दृष्टीने खरा पुरावा वाईट वर्षांत मिळतो. चांगल्या पावसात सगळीच गावे पाणीदार असतात. २०१२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि नगर-सोलापूरचा पट्टा टँकरवर होता, तेव्हा हिवरे बाजारला टँकर लागला नाही. पाऊस गावालाही कमीच झाला होता. फरक इतकाच की कमी पावसाची बातमी गावाने ऑक्टोबरमध्येच वाचली आणि रब्बी आखडली. त्या वर्षी उत्पन्न घटले, प्रत्येकाला झळ बसली, पण पिण्याचे पाणी आणि जनावरे सावरली. चार वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. वरच्या हिशेबात एक हेक्टर हरभऱ्याची एक पाळीसुद्धा त्यात पुरी होत नाही.

बाकीच्यांना का जमले नाही

राज्याने डिसेंबर २०१४ पासून जलयुक्त शिवार अभियान राबवले. नाले खोल झाले, रुंद झाले, हजारो गावांत कामे झाली. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, नोंदवले की ९,६३३ कोटींहून अधिक खर्च होऊनही तपासलेल्या गावांपैकी अनेकांत भूजल पातळी वाढण्याऐवजी घटली. कामांच्या दर्जावर वाद झाले, होतात, व्हायला हवेत. पण पाणी उपलब्ध झाल्यावर लोक नगदी पिकांकडे वळले, हेही त्या नोंदींत आहे, आणि मला ते कारण सगळ्यात जास्त पटते. जमा वाढवली, खर्चाला कोणी विचारले नाही.

शेततळ्यांचेही तसेच झाले. पावसाचा अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, अडवण्यासाठी असलेले शेततळे प्लास्टिक अंथरून विहीर-बोअरच्या पाण्याने भरायचे, असा वापर द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात रूढ झाला. जमिनीखाली सर्वांचे असलेले पाणी वर काढून एकाच्या तळ्यात ठेवायचे आणि त्यातले बरेचसे उन्हाला द्यायचे. शेतकऱ्याची बाजू मला कळते. बाग जळाली तर पाच वर्षांची मेहनत जाते, तो विम्यासारखे तळे भरून ठेवतो. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्या शेतकऱ्याच्या शहाणपणाने सुटत नाही. मी उपसले नाही तर शेजारी उपसेल, हे प्रत्येकाला माहीत असते. मी थांबलो तर शेजारीही थांबेल, याची हमी गावच देऊ शकते.

कायदा इथे किती कामी येतो? आपल्याकडे जमीन ज्याची त्याखालचे पाणी त्याचे, ही समजूत इंग्रजांच्या काळापासून, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून रुजली. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांसाठी भूजल कायदा केला, सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला त्यात बंधन आले. पुढचा व्यापक कायदा २००९ चा, तो अमलात यायला २०१४ उजाडले. त्यात ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर, म्हणजे बोअरवरही, बंधन आहे. आज गावोगावी तीनशे-चारशे फुटांची बोअर सर्रास मारली जातात, म्हणजे बंधन कागदावर किती आणि रानात किती, ते दिसतेच. हिवरे बाजारची बोअरबंदी या कायद्याच्या आधारावर उभी नाही. ग्रामसभेच्या ठरावावर आणि एकमेकांच्या नजरेवर ती टिकली आहे.

या प्रकरणाच्या मर्यादा

हिवरे बाजारचे नाव घेतले की एक आक्षेप हमखास येतो: तिथे पोपटराव होते. आक्षेप खरा आहे. तीसेक वर्षे एकच नेतृत्व, तेही विश्वासाचे, हे भाग्य प्रत्येक गावाला मिळत नाही. गावाची ठेवणही अनुकूल. डोंगरांनी वेढलेले, पाणलोटाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे वरचे गाव पाणी अडवील ही भीती कमी आणि गावातले मुरलेले पाणी बऱ्याच अंशी गावालाच मिळणार. सपाट रानातल्या गावात एका शिवाराखालचे पाणी दुसऱ्या शिवारात जाते. तिथे एकट्या गावाचा ताळेबंद अपुरा पडेल, एकाच जलधरावरच्या, म्हणजे जमिनीखालच्या एकाच पाणी धरणाऱ्या थरावरच्या, चार-पाच गावांना एकत्र बसावे लागेल. आणि वरच्या गावाने सगळे पाणी अडवले तर खालच्याच्या ओढ्याचे काय, हा प्रश्न हिवरे बाजारलाही विचारला गेला पाहिजे.

मला त्याहून टोचणारा प्रश्न वाटणीचा आहे. पातळी वर आली ती सगळ्यांच्या श्रमदानाने, पण पाणी उपसता येते ते ज्याची विहीर त्याला. भूमिहीनाला त्यातून मिळते ते मजुरीचे वाढलेले दिवस, गवत आणि दूध. हे कमी नाही, पण हक्कही नाही. या बाबतीत पुरंदर तालुक्यातल्या नायगावचा प्रयोग पुढे गेलेला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापाने नाही तर घरातल्या माणसांच्या संख्येने, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. उसाला मनाई. आणि भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उपसा सिंचनाच्या योजनेत मोटर एकच असते, म्हणून अशी वाटणी अमलात आणणे तुलनेने सोपे. २९४ विहिरींच्या गावात ती कशी आणायची, याचे उत्तर माझ्या पाहण्यात तरी अजून आलेले नाही.

नव्या गावाने सुरुवात कुठून करावी

केंद्राची अटल भूजल योजना डिसेंबर २०१९ मध्ये सात राज्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्र होता. तिच्यात ग्रामपंचायतीने पाण्याचा ताळेबंद मांडणे आणि जलसुरक्षा आराखडा करणे अपेक्षित होते. म्हणजे हिवरे बाजारची वही सरकारी कागदावर आली. पण आराखडा सल्लागाराने भरून दिला आणि ग्रामसभेने अंगठा उठवला तर ती वही कपाटात राहील.

एखाद्या गावाला खरोखर सुरू करायचे असेल तर पहिल्या वर्षी कोणतीही बंदी आणू नये, असे मला वाटते. बंदीने सुरुवात केली की पहिल्याच सभेत गाव दोन तट होते. आधी फक्त मोजावे. गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या चार-सहा विहिरी निवडाव्यात, काठावर रंगाने खूण करावी, शाळेच्या छतावर पर्जन्यमापक बसवावा. मेच्या शेवटच्या आठवड्यात पहिली नोंद, ऑक्टोबरच्या शेवटी दुसरी. चावडीच्या भिंतीवर एक काळा चौकोन रंगवून त्यात आकडे लिहावेत, विहिरीच्या मालकाच्या नावासकट. दुसऱ्या वर्षी त्याच भिंतीवर गेल्या वर्षीचा आकडा शेजारी राहू द्यावा. येणारा-जाणारा थांबून वाचतो, आणि कोणाची विहीर कोणामुळे खाली गेली याची चर्चा पारावर आपोआप सुरू होते. ती चर्चा तापली की मग ग्रामसभा बोलवावी, आणि विषयपत्रिकेवर एकच प्रश्न ठेवावा: यंदाच्या शिलकीत गहू किती एकर?